वेगवान मुलगी, नवख्या ताई आणि डर्बीची भिंत

पत्र

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगर भागात राहते. शाळा-कॉलेजात असताना मी इनलाइन स्केट्सवर वेगाच्या शर्यती खेळले आणि पुढे काही वर्षे लहान मुलांना स्केटिंग शिकवले. गेल्या दिवाळीपासून आम्ही काही जणी मिळून रोलर डर्बीचा, म्हणजे स्केट्सवर खेळायच्या धडकेच्या सांघिक खेळाचा, सराव करत आहोत. बारा जणी नियमित येतात. एका शाळेचे बास्केटबॉलचे मैदान आम्हाला आठवड्यातून तीन दिवस सकाळी मिळते. येत्या मे महिन्यात पुण्याच्या एका गटाशी आमचा मैत्रीपूर्ण सामना ठरला आहे आणि तो ठरल्यापासून आमच्यातले वातावरण बिघडले आहे.

आमच्यातली २१ वर्षांची एक मुलगी सर्वांत वेगवान आहे. तिला प्रत्येक वेळी जॅमरच, म्हणजे संघासाठी गुण मिळवणारी खेळाडूच, व्हायचे असते. भिंतीत, म्हणजे समोरच्या जॅमरला अडवणाऱ्या खेळाडूंत, उभे राहायला सांगितले की तिचा चेहरा उतरतो. दुसरीकडे, बँकेत नोकरी करणाऱ्या ४२ वर्षांच्या एक ताई आहेत. त्या एकही सराव चुकवत नाहीत, परंतु पाच मिनिटांत २७ फेऱ्यांची जी चाचणी मी ठेवली आहे, तिच्यात त्यांच्या १९ च्या वर फेऱ्या होत नाहीत. त्यांना सामन्यातून वगळा, असे तिघी-चौघींनी मला स्पष्ट सांगितले आहे. आणखी एक १६ वर्षांची मुलगी आहे. तिच्या मांडीवरचे काळेनिळे डाग पाहून तिची आई घाबरली आहे आणि धक्काबुक्कीच्या खेळाने मुलगी भांडखोर होईल, असे तिचे म्हणणे आहे. मी स्वतःही खेळते आणि सरावात ओरडून ओरडून माझा घसा बसतो. मी कडक व्हावे की सर्वांना सांभाळून घ्यावे? प्रशिक्षक म्हणून माझी स्वतःची काही भूमिका असावी असे मला वाटते, परंतु ती मला सापडत नाही.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न चार दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे: सराव आखताना तुमची नजर कोणावर असते? सध्या ती तुमच्या सर्वांत वेगवान खेळाडूवर आहे आणि बाकीच्या सगळ्या जणी तिच्या मापाने मोजल्या जात आहेत. माझे मत मी आधीच सांगून टाकते. डर्बीच्या प्रशिक्षकाने सराव आखावा तो संघातल्या सर्वांत नवख्या खेळाडूकडे पाहून, आणि सर्वांत वेगवान खेळाडूला तिच्या शेजारी उभे करून. बँकेतल्या ताईंना वगळू नका. हे मी दयेपोटी सांगत नाही. या खेळाची घडणच तशी आहे आणि ती नीट ध्यानात आली की कडक व्हावे की सांभाळून घ्यावे, हा तुमचा पेच बराचसा सैल होईल.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. डर्बी सपाट, लंबगोल ट्रॅकवर, दोन चाके पुढे आणि दोन मागे अशा क्वाड स्केट्सवर खेळली जाते. सामना ६० मिनिटांचा असतो आणि त्याचे ३० मिनिटांचे दोन भाग पडतात. प्रत्येक भागात लहान लहान चकमकी होतात, त्यांना जॅम म्हणतात. एक जॅम फार तर २ मिनिटे चालतो आणि दोन जॅमच्या मध्ये ३० सेकंद मिळतात. जॅमसाठी प्रत्येक संघाच्या पाच जणी ट्रॅकवर उतरतात: हेल्मेटवर ताऱ्याचे कापड चढवलेली एक जॅमर आणि चार ब्लॉकर, ज्यांतली पट्ट्याचे कापड घातलेली एक जण पिव्हट असते. सगळ्या जणी घड्याळाच्या उलट दिशेने खेळतात. जॅमरने एकदा ब्लॉकरच्या घोळक्यातून बाहेर पडायचे आणि त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत विरुद्ध संघाच्या जितक्या ब्लॉकर ती नियमात राहून ओलांडेल तितके गुण तिच्या संघाला मिळतात. चेंडू नाही, गोल नाही. समोरच्या माणसाला ओलांडणे हाच गुण.

माझे आयुष्य कबड्डीच्या मैदानावर गेले. डर्बी मी उशिरा पाहू लागले आणि कबड्डीमुळेच ती मला लवकर समजली. चढाई आहे, पकड आहे, साखळी आहे, कोपऱ्यात दबा धरून बसणे आहे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की कबड्डीत एका वेळी एकाच संघाची चढाई असते, तर डर्बीत दोन्ही संघांच्या चढाया एकाच वेळी, त्याच जागेत चालू असतात. तुमच्या चार ब्लॉकरना एकाच क्षणी समोरच्या जॅमरला रोखायचे असते आणि आपल्या जॅमरसाठी वाटही काढून द्यायची असते. त्यामुळे जॅमरचे गुण हे जितके तिच्या पायांचे असतात तितकेच, माझ्या मते अधिकच, त्या चौघींच्या खांद्यांचे आणि कमरांचे असतात.

आपल्या जिल्ह्याला ही दृष्टी सहज येत नाही, आणि त्यात कोणाचा दोष नाही. नाशिकने ज्यांचा अभिमान बाळगला ते खेळाडू बहुतेक एकट्याने झुंजणारे आहेत. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकेत एकटे वल्ही मारत होते. तुम्ही स्वतःही शर्यतींतून आला आहात. घड्याळ हातात धरून खेळाडू ओळखायची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. गंमत अशी की डर्बीची सुरुवातही तशीच झाली होती. १९३५ मध्ये शिकागोत लिओ सेल्ट्झर यांनी ती भरवली तेव्हा ती लांब पल्ल्याची, दमसास पाहणारी शर्यत होती. पुढे खेळाडूंची टक्कर होते तेव्हाच प्रेक्षक उठून उभे राहतात हे लक्षात आल्यावर नियम बदलले आणि खेळ टकरीभोवती रचला गेला. तुमची वेगवान मुलगी मनाने अजून त्या पहिल्या शर्यतीतच आहे, आणि तुमची चाचणीही.

आता भिंतीकडे या. तीन ब्लॉकर एकमेकींना खेटून, गुडघे खोल वाकवून, पाठ जॅमरकडे करून उभ्या राहतात किंवा हळूहळू पुढे सरकतात. चौथी त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून असते. तिचे तळवे दोघींच्या खांद्यांपाशी टेकलेले असतात आणि त्या तिघींना जे दिसत नाही ते, म्हणजे मागून येणारी जॅमर, फक्त तिला दिसते. तिला ब्रेस म्हणतात. जॅमर धडकते तेव्हा तिचा सगळा भार या तिघींच्या पाठीतून ब्रेसच्या हातांत उतरतो, आणि ब्रेस आपल्या स्केट्सच्या टोकाच्या रबरी ब्रेकवर टेकून तो भार जमिनीला देते. या रचनेत वेग कुठे लागतो? कुठेच नाही. लागतो तो खोल गुडघा, शांत डोके, शेजारणीचे कूस-खांदे कुठे आहेत याचे भान आणि न घाबरता सतत बोलत राहणे. जॅमर शिरते ती दोघींच्या मधल्या फटीतून, आणि फट पडते ती कोणी संथ आहे म्हणून नव्हे, तर कोणीतरी शेजारणीला सोडून एकटीच जॅमरच्या मागे धावली म्हणून. तुमच्या सरावात भिंत कोण सोडते, हे एकदा लक्ष ठेवून पाहा. बँकेतल्या ताई सोडत नसाव्यात असा माझा अंदाज आहे. एकही सराव न चुकवणारी माणसे सहसा जागा सोडत नाहीत.

तुमच्या २७ फेऱ्यांच्या चाचणीबद्दल मला थोडे परखडपणे लिहावे लागेल. हा आकडा डर्बीच्या किमान कौशल्यांच्या यादीतून आलेला आहे आणि तो पूर्ण मापाच्या ट्रॅकसाठी आहे. तुमच्याकडे बास्केटबॉलचे मैदान आहे. ते २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. डर्बीच्या ट्रॅकला मात्र सुमारे १७ मीटर रुंदी लागते, आणि भोवती पडण्यासाठी मोकळी जागा हवी ती वेगळीच. म्हणजे तुम्ही जो ट्रॅक आखला आहे तो लहान तरी आहे किंवा वळणे आवळून बसवलेला तरी. अशा ट्रॅकवरच्या २७ फेऱ्यांना काही अर्थ नाही आणि १९ लाही नाही. त्याऐवजी पूर्ण मापाचा अर्धाच ट्रॅक आखा: एक सरळ बाजू आणि एक वळण. खडू आणि सुतळी पुरते. आतल्या रेषेच्या वळणाची त्रिज्या साडेबारा फूट असते, दोन्ही वळणांचे मध्यबिंदू एकमेकांपासून ३५ फुटांवर असतात, आणि ट्रॅकची रुंदी १३ पासून १५ फुटांपर्यंत वाढत जाते. खऱ्या मापाच्या अर्ध्या ट्रॅकवर केलेला भिंतीचा सराव खोट्या मापाच्या पूर्ण ट्रॅकवरच्या फेऱ्यांपेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे, कारण १३ फुटांत तिघींनी किती जागा अडवायची हे अंगवळणी पडणे हेच तर शिकायचे असते.

जाता जाता, ताईंच्या चाकांवर छापलेला कडकपणाचा आकडा एकदा वाचून पाहा. ९५ च्या पुढची कडक चाके सभागृहातल्या गुळगुळीत जमिनीसाठी असतात. शाळेच्या मैदानावरच्या खरबरीत सिमेंटवर ती थरथरतात आणि पायांतली ताकद खातात. तिथे ७८ ते ८५ च्या आसपासची मऊ चाके लागतात. जुने स्केट्स कोणाकडून तरी घेऊन खेळणाऱ्या बायकांच्या बाबतीत, पाय मंद ठरवण्याआधी चाके तपासावीत, असे मला फार वाटते.

ताईंना काय शिकवावे, हेही सांगते, कारण ‘सांभाळून घ्या’ एवढे सांगून मी थांबले तर तो सल्ला होणार नाही. ब्रेसची जागा त्यांना द्या. शिवाय एक डाव शिकवा. ब्लॉकरने समोरच्या जॅमरला धक्का देऊन ट्रॅकबाहेर काढले, तर त्या जॅमरला तिला बाहेर काढणाऱ्या ब्लॉकरच्या पुढून आत येता येत नाही. तिच्या मागूनच यावे लागते, नाहीतर पेनल्टी बसते. म्हणून शहाणी ब्लॉकर जॅमरला बाहेर काढताच वळते आणि ट्रॅकवरून मागे मागे जाऊ लागते, आणि बिचाऱ्या जॅमरला बाहेरून तितकेच मागे जावे लागते. घोळक्यापासून २० फुटांच्या आत राहायचे आणि उलट दिशेने जाताना कोणाला अडवायचे नाही, एवढे पथ्य पाळले की झाले. यात तीन-चार सेकंद सहज मिळतात, आणि २ मिनिटांच्या जॅममध्ये तेवढ्या वेळात आपली जॅमर घोळक्याबाहेर पडलेली असते. यासाठी नियम पाठ असावे लागतात आणि मान वळवून पाहायची सवय लागते. या दोन्ही गोष्टी ४२ व्या वर्षी २१ व्या वर्षापेक्षा अवघड नसतात.

आता तुमच्या वेगवान मुलीविषयी. तिच्यावर रागावू नका. तिला आजवर सगळ्यांनी, तुम्हीही, वेगासाठीच शाबासकी दिलेली आहे. तिला हे पटवायचे आहे की भिंतीत उभे राहणे ही शिक्षा नाही, ते जॅमरचे शिक्षण आहे. फट कशी पडते हे जिने स्वतः फट पाडून आणि बुजवून पाहिले आहे तिलाच पुढे ती धडक देण्याआधी दिसते. सरावात तिचा निम्मा वेळ भिंतीत जाईल असे ठरवा, आणि तिला ताईंच्या शेजारीच उभी करा. ताईंनी काय पाहिले ते तिला सांगावे, तिने ताईंना पाय कसे टाकावेत ते दाखवावे. ही देवाणघेवाण तुम्ही घडवून आणली तर ‘वगळा’ म्हणणाऱ्यांचे तोंड आपोआप बंद होईल.

तिला वेगाखेरीज आणखी एक गोष्ट शिकायची आहे, ती म्हणजे थांबणे. जी जॅमर घोळक्यातून नियमात राहून आधी बाहेर पडते ती लीड जॅमर ठरते आणि तिला दोन्ही हातांनी कमरेवर वारंवार थापटून जॅम संपवण्याचा अधिकार मिळतो. समजा तिने एक फेरी मारून चार गुण घेतले आणि तेवढ्यात समोरची जॅमर सुटून तिच्या मागे आली. त्याच क्षणी जॅम संपवला तर हिशेब चार विरुद्ध शून्य राहतो. आणखी चार मिळतील या हौसेने ती पळत राहिली तर समोरचीही चार घेऊन जाते आणि सगळी धाव फुकट जाते. त्यात दमल्यामुळे पाठीवर धक्का मारून ३० सेकंद पेनल्टी बॉक्समध्ये बसावे लागले, तर तेवढा वेळ समोरच्या संघाची जॅमर एकटीच गुण गोळा करत असते. वेगवान मुलींच्या हातून हे वारंवार होते. पिव्हटला तारा देऊन, म्हणजे तिलाच जॅमर करून, मोकळे होण्याची सोयही नियमात आहे, आणि अडकून पडल्यावर हेल्मेटवरचा तारा उतरवून दुसरीच्या हातात देणे हे मी कोणत्याही धडकेपेक्षा मोठ्या मनाचे काम समजते.

यातूनच तुमच्या घशाच्या प्रश्नाकडे येता येते. जॅम संपवायचा की नाही हा निर्णय जॅमरला क्षणात घ्यायचा असतो. चाकांच्या घरघरीत, शिट्ट्यांत आणि प्रेक्षकांच्या आरड्यात बाकावरून तुमचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचेलच, याचा भरवसा नाही. सरावात प्रत्येक गोष्ट तुम्ही ओरडून सांगितली, तर सामन्यात त्या तुमच्या आवाजाची वाट पाहत उभ्या राहतील. म्हणून तुम्ही गप्प राहा आणि त्यांना बोलायला लावा. ‘आत’, ‘बाहेर’, ‘धर’, ‘सोड’ असे चार-सहा छोटे शब्द सर्वानुमते ठरवा आणि भिंतीचा सराव त्या शब्दांशिवाय करूच नका. ज्या दिवशी भिंत मुकी असेल त्या दिवशी शिट्टी वाजवून सराव थांबवा. प्रत्येक सराव-जॅमनंतर ३० सेकंदच घ्या, कारण सामन्यातही तेवढेच मिळतात, आणि त्यांत तुम्ही सांगण्याऐवजी विचारा: फट कुठे पडली? तुला कोण दिसत होते? जॅम का संपवला नाहीस? सुरुवातीला उत्तरे येणार नाहीत, सगळ्या तुमच्या तोंडाकडे पाहतील. त्या शांततेला घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकू नका. पंधरवड्यात त्या एकमेकींना उत्तरे देऊ लागतील, आणि तेव्हा पहिले उत्तर बहुधा ताईंकडून येईल, कारण ब्रेस म्हणून सगळे त्यांनाच दिसलेले असेल.

तुम्ही कडक कुठे व्हायचे, तर सुरक्षिततेच्या बाबतीत, आणि तिथे अजिबात तडजोड नको. हेल्मेट, दातांचे रक्षक, कोपर, मनगट आणि गुडघ्यांची पॅडे यांतली एकही वस्तू विसरून आलेली खेळाडू त्या दिवशी ट्रॅकवर उतरणार नाही, मग ती तुमची सर्वांत वेगवान मुलगी असो वा तुम्ही स्वतः. पडणे रोज शिकवा. पडताना अंग आखडून लहान व्हायचे, भार गुडघ्याच्या पॅडवर घ्यायचा, बोटे मुठीत मिटायची म्हणजे कोणाचे चाक त्यांवरून जाणार नाही, आणि हात जमिनीला न टेकता लगेच उठायचे. हातपाय पसरून पडलेली खेळाडू स्वतःला तर इजा करून घेतेच, मागून येणारीलाही पाडते. डोक्याला मार बसल्यावर डोके दुखले, मळमळले, गरगरले, बोलण्यात गोंधळ झाला किंवा उजेड सहन होईनासा झाला, तर त्या दिवशीचा खेळ तिच्यासाठी संपला. ‘मी ठीक आहे’ हे तिचे म्हणणे तिथे ग्राह्य धरायचे नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आणि तेही पायरीपायरीने, तिने परत यायचे.

याच कारणासाठी त्या १६ वर्षांच्या मुलीविषयीचा माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तिला मोठ्यांच्या पूर्ण धडकेच्या सामन्यात उतरवू नका. बाहेरदेशी १८ वर्षांखालच्यांची डर्बी वेगळी चालते आणि तिच्यात संपर्काच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी फक्त अडवणे आणि टेकणे, धडक पुष्कळ नंतर. तिला सरावात ठेवा, स्केटिंग, पडणे, भिंतीत संथपणे उभे राहणे हे सगळे शिकवा, परंतु मे महिन्याचा सामना तिच्यासाठी नाही. हे तिला एकटीला, तिच्या आईसमोर, कारणांसह सांगा. तिला वाईट वाटेल. ते वाटू द्या, त्यावर खोट्या आश्वासनाची फुंकर नको.

तिच्या आईला मैदानावर बोलवा. त्यांची काळजी खरी आहे आणि ‘खेळात एवढे चालायचेच’ असे म्हणून ती उडवून लावणे योग्य नाही. धडक खांद्याने, कुशीने, कमरेने द्यायची असते. पाठीवर, डोक्यावर आणि मांडीच्या मध्याखाली मारलेला धक्का चालत नाही, कोपर, हात किंवा डोके वापरून मारलेला तर नाहीच, आणि सात पेनल्ट्या झाल्या की खेळाडू सामन्यातून बाद होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. जिथे राग आवरला नाही तर संघ ३० सेकंद एका खेळाडूने कमी होतो, तो खेळ भांडखोरपणा शिकवत नाही. त्याहून चांगले म्हणजे त्यांच्या हातात घड्याळ द्या. या खेळाला स्केट्सवरचे सात पंच लागतात आणि शिवाय जॅमची वेळ मोजणारे, पेनल्टी बॉक्सजवळ बसणारे, गुण लिहिणारे असे पुष्कळ हात लागतात. ते तुम्हाला घरच्या मंडळींतूनच मिळवायचे आहेत, आणि पेनल्टीचे सेकंद मोजणाऱ्या आईला नियम कोणापेक्षाही लवकर कळतात.

तुम्ही स्वतः खेळता हे तुम्ही सहज लिहून गेलात, परंतु तिकडे लक्ष द्यायला हवे. सरावात दोन्ही भूमिका निभावता येतात, सामन्यात नाही. जॅममधून धापा टाकत आलेली खेळाडू पुढच्या जॅममध्ये कोण उतरणार हे ३० सेकंदांत शांतपणे ठरवू शकत नाही, आणि ठरवलेच तर त्यात तिचा स्वतःचा खेळ कुठेतरी आड येतो. नियमांप्रमाणे बाकाजवळ संघाची दोन माणसे उभी राहू शकतात. पुण्याच्या सामन्यात तुम्ही बाकाजवळ उभ्या राहा आणि सोबतीला अशी एक व्यक्ती घ्या जी फक्त कागदावर कोण किती जॅम खेळली आणि कोणाच्या किती पेनल्ट्या झाल्या एवढेच पाहील. तुम्हाला खेळायचेच असेल, तर मग बाक पूर्णपणे दुसरीकडे सोपवा.

राहता राहिल्या त्या ‘वगळा’ म्हणणाऱ्या तिघी-चौघी. आजची डर्बी २००१ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिन शहरात बायकांनीच पुन्हा उभी केली, आणि २००४ पासून या खेळाची मोठी संघटनाही खेळाडूच चालवत आल्या आहेत. म्हणून त्यांनी मत मांडले यात गैर काही नाही. गैर हे आहे की निवडीचा निकष आधी कोणालाच माहीत नव्हता आणि तो कुजबुजीतून ठरू लागला. पुढच्या सरावाला सर्वांसमोर निकष सांगा. माझ्या मते ते असे असावेत: सुरक्षित पडता-उठता येणे, नियमांची तोंडी परीक्षा, भिंतीत अखंड २ मिनिटे जागा न सोडता आणि बोलत राहून टिकणे, आणि सरावाची हजेरी. फेऱ्यांची संख्या त्यांत नको. हे निकष सर्वांना सारखे लागू होतील. त्यांत ताई उतरल्या नाहीत, तर त्यांना तुम्ही स्वतः सांगाल आणि त्या ते मानतील. परंतु जी खेळाडू उतरेल तिला सामन्यात खरोखर खेळवायचे, शेवटच्या दोन मिनिटांत उपकार म्हणून नव्हे. ताईंना पहिल्या भागातच, गुण बरोबरीत असताना, ब्रेस म्हणून उतरवा, आणि त्या जॅममध्ये तुमची वेगवान मुलगी त्यांच्याच भिंतीत असू द्या.

पुण्याच्या गटाला मात्र आजच कळवून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या: पंच कोण असतील, मैदानाजवळ प्रथमोपचाराची आणि गरज पडल्यास दवाखान्यात नेण्याची काय सोय आहे, आणि त्यांच्या संघात १८ वर्षांखालील कोणी आहे का. मे महिन्यात पुण्याचे ऊन कडक असते, तेव्हा सामना सकाळी लवकर किंवा छताखाली ठेवायला सांगा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तुमचे उघडे मैदान चार महिने निसरडे राहील. त्या काळासाठी एखादा सभागृहाचा कोपरा किंवा सोसायटीचे कोरडे पार्किंग आतापासूनच पाहून ठेवा, कारण भिंतीचा सराव स्केट्स न घालता, साध्या बुटांवरही उत्तम होतो.